स्वच्छ रेषेची भीती

फोन आला तेव्हा मी हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी दाढी करत होतो. ऋताचं नाव दिसलं. ऋता म्हणजे, मी ज्यांच्या हाताखाली काम करायचो त्या मॅडमची मुलगी. ती पुण्याला असते, पण आईची तब्येत बरी नाही म्हणून आठवडाभर अंबरनाथला येऊन राहिली होती. सकाळी सकाळी ती मला कधी फोन करत नाही. आमच्या घरात अवेळी वाजलेल्या फोनला सगळेच घाबरतात. बाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. ते ड्युटीवर असताना फोन वाजला की आई हातातलं काम टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहते. त्या दिवशीही आली, पिठाचे हात तसेच. "कंपनीतून?" तिने विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि माझ्या कानात ऋता शांत आवाजात सांगत होती, "आई गेली रे. चहा घेऊन उठवायला गेले तर…" अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच वाळत गेला.

वैजयंती खारकर हे त्यांचं नाव. पण एमआयडीसीतले फिटर, इलेक्ट्रिशियन, गेटवरचे सिक्युरिटीवाले, सगळे त्यांना 'स्कोपवाल्या मॅडम' म्हणत. अंबरनाथ पूर्वेला, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांची एका खोलीची कार्यशाळा होती. कारखान्यातलं एखादं मशीन मध्येच बंद पडतं, एखादा आकडा उगाच नाचतो, आणि कारण कुणालाच सापडत नाही, अशी कामं त्यांच्याकडे येत. त्यांच्याकडे पुस्तकाएवढी एक राखाडी डबी होती. यूएसबी ऑसिलोस्कोप. तिला स्वतःचा पडदा नसतो. तिची वायर लॅपटॉपला लावायची, दुसऱ्या बाजूच्या क्लिपा तारेला लावायच्या, की तारेतल्या विजेचा चढउतार लॅपटॉपवर रेषेसारखा उमटतो. त्या रेषेकडे बघून मॅडम आजार ओळखत.

जाण्याच्या आधी थोडेच दिवस मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्यांना मधूनच चक्कर येत होती. डॉक्टरांनी ईसीजी काढला होता आणि तो नॉर्मल होता. ती गुलाबी चौकटींची पट्टी त्यांनी उशीखालून काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "बघ, किती स्वच्छ रेष आहे."

"मग चांगलंच आहे ना, मॅडम."

"चहा गाळायला लागतो तेवढा वेळ यांनी बघितलं. चक्कर काय त्यांची वेळ घेऊन येते?" त्या हसल्या, पण पट्टी परत घेताना त्यांची बोटं थंड लागली. दिवसभर अंगावर बांधून ठेवायचं यंत्र असतं, ती तपासणी पुढच्या आठवड्यात ठरली होती. "मला खराब रिपोर्टची भीती नाही रे," त्या म्हणाल्या, "खराब आला की काय करायचं ते कळतं. या स्वच्छ कागदाने मात्र मला झोप येत नाही." ती तपासणी राहूनच गेली. त्यात काही दिसलं असतं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. नगरपालिकेच्या शाळेत शिकलो, उल्हासनगरच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, आणि पदवी हातात आल्यावर कळलं की पुढे काय करायचं हे सांगणारं घरात कुणी नाही. बाबांनी कंपनीतल्या कुणाकडून तरी मॅडमचा पत्ता आणला. मी इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल छातीशी धरून तो लोखंडी जिना चढलो. त्यांनी फाइल उघडलीच नाही. "भीती कशाची वाटते?" एवढंच विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "इंग्रजीची."

"इंग्रजीने आजवर कुणी मेलेलं मी ऐकलं नाही. करंटची वाटते?"

"नाही, मॅडम."

"मग उद्यापासून ये. ती वाटायला लागेल अशी व्यवस्था करू."

त्यांनी ती व्यवस्था खरोखर केली. मॅडम ही मला भेटलेली सर्वात घाबरट व्यक्ती होती, आणि हे मी आदराने लिहितो आहे. कुठल्याही कारखान्याच्या गेटातून आत गेल्यावर त्या आधी उभ्या राहून हवा हुंगत. मग छतावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी कुठल्या दिशेला फुगली आहे ते बघत आणि मला विचारत, "पळायचं झालं तर कुठे?" मी चुकीची दिशा दाखवली तर पुढे जाऊ देत नसत. चालू पॅनेलसमोर त्यांचा डावा हात कायम पाठीमागे असे, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून दुसऱ्या हाताकडे जाऊ नये. सुरुवातीला मला संकोच वाटायचा. एकदा एक फिटर हसून म्हणाला, "मॅडम, आम्ही वीस वर्षं इथे आहोत, काय होत नाही." मॅडमनी त्याला विचारलं, "वीस वर्षं झाली म्हणून आज होणार नाही, असं कुणी लिहून दिलंय का तुला? असेल तर मलाही एक कॉपी दे." तो फिटर पुढे त्यांचा भक्तच झाला.

डबीसोबत कंपनीचं तयार सॉफ्टवेअर येतं. बटणं दाबली की चित्र दिसतं. मॅडम ते फारसं वापरत नसत. "ते मला न विचारता परस्पर ठरवतं," असं त्यांचं म्हणणं. डबीला थेट आज्ञा देता याव्यात म्हणून कंपनी काही फंक्शन्सही देते. कुठलं चॅनल, किती व्होल्टपर्यंत, किती वेगाने, किती वाचनं घ्यायची, हे सगळं आपल्या प्रोग्रॅममधून डबीला सांगायचं. पन्नाशी उलटल्यावर मॅडम पुस्तकं आणून प्रोग्रॅमिंग शिकल्या होत्या आणि आमचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. त्या आज्ञेत एक छोटासा आकडा असतो, ओव्हरसॅम्पलिंगचा. मला तो बरेच दिवस समजला नव्हता. मग त्यांनी समजावलं. आपली डबी वेगवान आहे, पण तिची नजर जाडी आहे. तिला बारीक फरक दिसत नाहीत. मग एकाच वाचनावर विश्वास न ठेवता एकापाठोपाठ एक पुष्कळ वाचनं घ्यायची आणि त्यांची सरासरी काढून ती एक वाचन म्हणून धरायची. तारेतली खरखर खाली बसते, आणि एरवी न दिसणारे बारीक फरक दिसू लागतात. संथ गोष्टींसाठी, म्हणजे भट्टीच्या तापमानासारख्या, हा उपाय फार गुणाचा. रेषा कशी रेशमासारखी येते.

"मग आपण नेहमीच मोठा आकडा का ठेवत नाही?" मी विचारलं होतं.

त्या म्हणाल्या, "चाळीत एका खोलीत माणूस गेलाय, रडारड चाललीय. बाकीच्या सगळ्या खोल्यांत लोक झोपलेत. आता चाळीची सरासरी काढ."

"शांत येईल."

"बास. हेच."

हे त्यांना इतकं नीट माहीत होतं. तरीही पुढची गोष्ट घडली.

बाबांच्या कंपनीतूनच काम आलं होतं. तिथल्या एका रिअॅक्टरवर, म्हणजे ज्या मोठ्या बंद भांड्यात रसायनं तापवत ढवळतात त्यावर, दाबाचा सेन्सर आहे. त्याचा सिग्नल तारेतून कंट्रोल रूममध्ये येतो, तिथे एका अलार्म कार्डाला मिळतो, आणि सिग्नल ठरलेल्या हद्दीच्या वर किंवा खाली गेला की भोंगा वाजतो. तो भोंगा आठवडाभर उगाच वाजत होता. ऑपरेटर धावत जाऊन बघत, तर भांड्यावरचा काटा जागच्या जागी. बाबा घरी आले की कान चोळत. "डोकं उठवलंय त्या भोंग्याने," म्हणत. आता एक तर सिग्नल खराब असणार किंवा कार्ड खराब. कोणतं, हे आम्ही सांगायचं होतं.

सकाळी जाऊन आम्ही डबी लावली. दुपारपर्यंत बघितलं. मधे भोंगा वाजला तेव्हाही रेषा सरळ, एक ओरखडा नाही. मेंटेनन्सचे मोटवानी साहेब आमच्या मागे उभे होते. ते उल्हासनगर कॅम्प एकचे, मराठी-हिंदी एकाच घासात बोलणारे. मॅडम म्हणाल्या, "सिग्नल स्वच्छ आहे." साहेब खूश. "बस, मग कार्डच खराब आहे. नवीन कार्ड उद्या येईल. तोपर्यंत भोंगा काढून ठेवतो, लोकांचं डोकं तरी शांत." कार्ड खराब आहे म्हटल्यावर त्याचा भोंगा ऐकण्यात काय अर्थ, असं सगळ्यांनाच वाटलं. बाहेर पडताना दुसरी पाळी आत येत होती. त्यांत बाबा होते. त्यांनी लांबूनच मला हात केला.

कार्यशाळेत परतल्यावर हातातली दुसरी कामं उरकून मॅडम संध्याकाळी रिपोर्टसाठी फाइल उघडून बसल्या. मी खालून चहा आणला. त्या स्क्रीनकडे बघत होत्या आणि चहाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दोन वाचनांमधलं वेळेचं अंतर जेवढं असायला हवं त्याच्या कितीतरी पट जास्त दिसत होतं. त्यांनी प्रोग्रॅम उघडला. ओव्हरसॅम्पलिंगच्या जागी दोनशे छप्पन्न होतं. आदल्या दिवशी आम्ही दुसऱ्या एका कारखान्यात भट्टीचं तापमान मोजलं होतं, तो आकडा त्यांनीच घातला होता, आणि तो तसाच राहिला होता.

"कालची भट्टी…" त्या हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. सकाळी पाहिलेलं प्रत्येक वाचन ही दोनशे छप्पन्न वाचनांची सरासरी होती. सिग्नल क्षणभर तुटला असेल, तर तो तुटलेला क्षण बाकीच्या चांगल्या वाचनांत बुडून गेला असणार. म्हणजे सिग्नल स्वच्छ आहे असं आम्ही म्हणू शकत नव्हतो. म्हणजे कार्ड कदाचित खरं बोलत होतं. आणि आमच्या शब्दावर त्याचं तोंड बंद केलं होतं… माझ्या डोक्यात मात्र हे काहीच आलं नाही. बाबांनी केलेला हात तेवढा डोळ्यांसमोर राहिला.

साहेबांना फोन लावला. वाजत राहिला. प्लांटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, सगळ्यांचे फोन गेटवर जमा असतात. बाबांचाही तिथेच होता. गेटचा फोन लावला तर सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहेब आत आहेत. निरोप देतो ना." कोणता निरोप तो देणार होता आणि कोणाला? आम्ही रिक्षा पकडली. मॅडम वाटभर रिक्षाच्या बाहेर डोकं काढून त्या कंपनीच्या दिशेने आकाशाकडे बघत होत्या. मीही तिकडेच बघत होतो. आकाशात काही नव्हतं, आणि काही नाही याने धीर येत नव्हता.

गेटवर सकाळचा पास चालेना. सिक्युरिटीवाला नवा पास बनवायला लागला तेव्हा मॅडमचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "माझा पास नंतर बनव. आधी आत जाऊन मोटवानींना सांग, भोंगा चालू करा. आत्ता. मग मी इथेच उभी राहते, पाहिजे तेवढा वेळ." तो बघतच राहिला, मग पळत गेला. थोड्या वेळाने मोटवानी साहेब तणतणत आले. "मॅडम, सकाळी तुम्हीच बोलला ना, लाइन एकदम क्लीन. अब क्या हुआ? बॅच चालू आहे आत."

"लाइन मी क्लीन केली होती, साहेब. माझ्या चुकीने. प्रोग्रॅममध्ये कालचा आकडा राहिला. भोंगा लावला का?"

"अहो पण…"

"भोंगा लावा आधी. शिव्या मला नंतर घाला, मी कुठे जात नाही."

सगळ्या लोकांसमोर, पाळीच्या कामगारांसमोर त्या हे बोलल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बघूनच बहुधा पुढचं बोलले नाहीत. त्यांनी स्वतः जाऊन भोंगा जोडला.

मग आम्ही पुन्हा डबी लावली. मॅडमनी दोनशे छप्पन्नच्या जागी एक लिहिलं. म्हणजे सरासरी नाही, प्रत्येक वाचन जसं असेल तसं. रेषा आता खडबडीत होती, खरखरीने भरलेली, कुरूप. आणि त्या खरखरीतून मधेच ती सरळ खाली कोसळायची आणि परत वर यायची, डोळ्याची पापणी लवायच्या आत. प्रत्येक वेळी भोंगा वाजायचा. शोधत शोधत आम्ही रिअॅक्टरजवळच्या, तारा जोडलेल्या जोडपेटीपर्यंत पोहोचलो. ढवळणाऱ्या मोटरच्या हादऱ्याने एक स्क्रू सैल झाला होता आणि तार तिच्या एका-दोन बारीक तंतूंवर लटकत होती. ती कधीही सुटली असती. मग भांड्यात दाब कितीही चढला असता तरी कंट्रोल रूमला कळलं नसतं, आणि ओरडून सांगणारा भोंगा आम्ही परत येईपर्यंत टेबलावर काढून ठेवलेला होता.

काहीच झालं नाही. तार नव्याने बसवली, पाळी संपली, बाबा घरी आले, जेवले. वर्तमानपत्रात यायला काही घडलंच नव्हतं. पण त्यानंतर कित्येक दिवस मॅडम मला बोलता बोलता थांबून म्हणायच्या, "मी चहा आधी प्यायले असते तर…" मी म्हणायचो, "झालं ना आता, मॅडम." त्या म्हणायच्या, "झालं नाही. चुकलं. दोन्हींत फरक आहे."

मॅडम गेल्यानंतर चारपाच दिवसांनी बाबा घरी ओट्यावर बसले होते. ते अंत्यविधीला आले होते, मागे उभे राहून गेले होते. अचानक म्हणाले, "तुला सांगितलं नाही कधी. त्या दिवशी भोंगा बंद होता ना, तेव्हा डबा फार गोड लागला बघ. इतक्या दिवसांनी शांत बसून जेवलो. तुझ्या आईने वांगं दिलं होतं." ते पुढे म्हणाले, "मग तुझ्या मॅडम आल्या नि तो परत सुरू झाला. मी शिवीच दिली. म्हटलं, या बाईला दुसरं काम नाही का?" आत आई भाकरी थापत होती, तो आवाज थांबला. बाबांनी हातातल्या टॉवेलची उगाच घडी केली, पुन्हा उलगडली. "आता रात्री पडलो की ते जेवणच आठवतं," ते म्हणाले. "किती शांत होतं…"

परवा त्याच कंपनीतून दरवर्षीच्या तपासणीचं बोलावणं आलं. ऋताने कार्यशाळेची किल्ली माझ्याकडे ठेवली आहे, डबी आणि लॅपटॉप घेऊन मी एकटा गेलो. त्या चुकीनंतर मॅडमनी आमच्या प्रोग्रॅममध्ये एक बदल केला होता. आधीचा कुठलाच आकडा तो लक्षात ठेवत नाही. दर वेळी सुरू करताना विचारतो, 'किती वाचनांची सरासरी?' आपण आकडा लिहिला की पुढची ओळ येते, 'का?' तिथे काहीतरी लिहिल्याशिवाय तो हलत नाही. मी एकदा कंटाळून नुसतं 'कखग' लिहिलं होतं, तर चालू झाला. मॅडम मागेच उभ्या होत्या. "काहीही लिही," म्हणाल्या. "लिहायला थांबलास ना, तेवढंच पाहिजे होतं." मी पुढे कोड वाचून पाहिला. ते उत्तर कुठेही साठवलं जात नाही. कुणी वाचत नाही. विचारायचं आणि सोडून द्यायचं, एवढीच त्याची योजना.

कंट्रोल रूममध्ये मी क्लिपा लावल्या. पाळी बदलत होती. काचेपलीकडून बाबा हेल्मेटचा पट्टा आवळत रिअॅक्टरकडे जाताना दिसले. मोटवानी साहेब शेजारी येऊन उभे राहिले. मॅडमबद्दल काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण फक्त "बैठो, बैठो, आरामात करो," म्हणाले. प्रोग्रॅमने विचारलं, किती वाचनांची सरासरी? मी एक लिहिलं. त्याने विचारलं, का?

माझी बोटं तिथे बराच वेळ थांबली. मग मी लिहिलं, 'बाबा आत आहेत.'

रेषा सुरू झाली. खरखर होती, पण कुठेही तुटत नव्हती. बराच वेळ बघितलं, तरी तशीच. साहेब म्हणाले, "ठीक आहे ना?"

"दिसतंय तरी ठीक," मी म्हणालो, आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.